रानातलं मटण आणि त्यातले परजीवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाड लागला की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक कुजबुज सुरू होते. पेशंट आत येतो, दार नीट लागलंय ना ते बघतो, खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, "डॉक्टर, एक विचारायचं होतं. मुळशीला फार्महाऊसवर गेलो होतो..." पुढचं मला पाठ आहे. मित्राच्या ओळखीतल्या कुणीतरी 'रानातलं' आणलेलं असतं, शेकोटी पेटलेली असते, आणि दोन दिवसांनी पोटात गुडगुड आणि डोक्यात शंका सुरू होते. खालचे प्रश्न असेच साठलेले आहेत. काही खाणाऱ्यांनी विचारलेले, बरेचसे त्यांच्या बायकांनी.

रानडुकराच्या मटणात असं काय असतं, जे बोकडाच्या मटणात नसतं?

बोकड पाला खातो. रानडुक्कर काय खात नाही ते विचारा. कंदमुळं, ऊस, भुईमूग तर खातंच. शिवाय मेलेला उंदीर, कुजलेलं जनावर, गावाबाहेरचा उकिरडा, माणसाची विष्ठा, सगळं त्याला चालतं. काही परजीवी एका प्राण्याच्या मांसातून दुसऱ्याच्या पोटात, असाच प्रवास करतात. त्यांच्या दृष्टीने रानडुक्कर म्हणजे हक्काची एसटी.

दुसरं कारण तपासणीचं. मान्यताप्राप्त कत्तलखान्यात जनावर कापण्याआधी आणि नंतर पशुवैद्यकाने बघायचं असतं. प्रत्यक्षात ते किती नीट होतं हा वेगळा विषय, पण निदान तशी व्यवस्था आहे. ताम्हिणीच्या जंगलात रात्री पाडलेलं डुक्कर कोण तपासणार? कापणाऱ्याचा डोळा आणि बॅटरीचा उजेड, एवढीच तपासणी.

बोकडही अगदी धुतल्या तांदळाचा नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी शेळ्यामेंढ्यांतही असतो. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

ट्रिकिनेला, ट्रिकिनोसिस हे शब्द इंटरनेटवर वाचून झोप उडाली. हे नेमकं काय आहे?

ट्रिकिनेला ही दोऱ्यासारखी बारीक गोल अळी, आणि तिच्यामुळे होणारा आजार म्हणजे ट्रिकिनोसिस. स्नायूतल्या तिच्या पिल्लाची लांबी साधारण एक मिलिमीटर, आणि तेही वेटोळं घालून बसलेलं. म्हणून मटण कितीही उलटसुलट करून पाहिलं तरी ते डोळ्यांना दिसत नाही. असं मांस नीट न शिजवता खाल्लं की जठरातल्या आम्लाने अळीभोवतीचं वेष्टण विरघळतं आणि अळ्या सुटतात. लहान आतड्यात जाऊन चारसहा दिवसांत त्या वयात येतात, नर-मादीचं मीलन होतं आणि प्रत्येक मादी शेकड्यांनी पिल्लं सोडते. ही नवी पिल्लं रक्तातून अंगभर फिरतात आणि स्नायूत शिरतात. डोळ्यांभोवतीचे, जबड्याचे, जिभेचे, पोटऱ्यांचे आणि श्वास घेताना वरखाली होणाऱ्या पडद्याचे स्नायू त्यांना विशेष मानवतात. तिथे एकेका स्नायूपेशीला कामाला लावून त्या आपलं घर बांधून घेतात आणि पुढची कित्येक वर्षं भाडं न देता राहतात.

या अळ्या पहिल्यांदा नजरेस पडल्या १८३५ साली, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात. जेम्स पॅजेट नावाचा वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करत होता. प्रेताच्या स्नायूंत वाळूसारखे पांढरे कण सुरीला लागत होते. बाकीच्यांनी ते हाडाचे कण म्हणून सोडून दिले होते. याने भिंगाखाली धरून पाहिले. पण यामुळे माणूस मरतो, हे कळायला आणखी पंचवीस वर्षं गेली. १८६० साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये फ्रीड्रिख झेंकर या डॉक्टरांना एका मोलकरणीच्या शवविच्छेदनात स्नायू अळ्यांनी भरलेले आढळले. तिला टायफॉइड झाला होता असा सगळ्यांचा समज होता. झेंकर यांनी माग काढला, तेव्हा ती ज्या घरी काम करत होती तिथे नाताळात कापलेल्या डुकराच्या हॅम आणि सॉसेजमध्ये त्याच अळ्या निघाल्या. पुढे १८६५ साली हेडर्सलेबेन या जर्मन गावात कच्च्या डुकराच्या खिम्यातून तीनशेहून जास्त लोक आजारी पडले आणि शंभराच्या आसपास दगावले. जर्मनीत डुकराचं मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची सक्ती आली ती या धसक्यातून, आणि त्यासाठी रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरांनी केलेल्या खटपटीतून.

टायफॉइड समजून चुकलेलं निदान हा धागा लक्षात ठेवा. तो आजही तुटलेला नाही.

पण पुण्यात हा रोग आहे का? का उगाच घाबरवताय?

ट्रिकिनोसिस भारतात क्वचितच नोंदला जातो. उत्तराखंडात अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्ल्यावर एकाच वेळी अनेक जण आजारी पडल्याची नोंद आहे. मुळशीच्या पार्टीनंतर तुमचं पोट बिघडलं असेल, तर पहिला संशय मी साध्या जिवाणूंवर घेईन. न झाकता रात्रभर उघड्यावर राहिलेलं मांस, ओढ्याचं पाणी, कापताना आतडं फुटून सगळीकडे लागलेली घाण, यांनी होणारे जुलाब ट्रिकिनेलापेक्षा कितीतरी जास्त संभवतात.

तरीही हे पान लिहिलं, कारण 'क्वचित' आणि 'क्वचित नोंद' यांत फरक आहे. ज्या आजाराची पहिली लक्षणं फूड पॉयझनिंगसारखी, नंतरची डेंग्यूसारखी, आणि ज्यातला खाण्याचा तपशील पेशंट हमखास लपवतो, त्याची नोंद होणार तरी कशी?

आमच्याकडे मटण रटरट शिजवतात. मग भीती कशाची?

रश्श्याची भीती नाहीच. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्या उकळीत तासभर शिजलेल्या, हाडापासून सुटलेल्या मटणात कुठलीही अळी जिवंत राहत नाही. कुकरमध्ये तर तापमान १२० अंशांपर्यंत जातं. आजीला ट्रिकिनेलाचं नाव माहीत नव्हतं, पण "मटण मऊ झाल्याशिवाय पातेलं उतरवायचं नाही" हे माहीत होतं आणि तेवढं पुरत होतं.

घोळ होतो तो पातेल्याबाहेर. पार्टीची रीत अशी असते: मोठं मटण चुलीवर चढतं, त्याला दीड-दोन तास लागणार असतात. ग्लास मात्र आधीच भरलेले असतात. मग 'चाखण्याला काहीतरी' म्हणून कलेजी आणि मांडीचे चारदोन तुकडे सळईला टोचून निखाऱ्यावर धरतात. बाहेरून काळं, खरपूस, मिठा-मिरचीचा चटका. आत मात्र गुलाबी आणि कोमट. उजेड शेकोटीचा, त्यात आतला रंग काय दिसणार? रश्श्याने कुणी आजारी पडत नाही, या चाखण्याने पडतं.

आकडाच हवा असेल तर हा घ्या: शिकारीच्या मांसाच्या सगळ्यात जाड भागात, अगदी मधोमध, ७४ अंश सेल्सिअस तापमान पोचलं पाहिजे. मांसात खुपसायचा थर्मामीटर आजकाल ऑनलाइन सहज मिळतो. तीन हजारांची बार्बेक्यू शेगडी घेणारे लोक तो घेत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं. रंगावर विसंबू नका. रानटी जनावराचं मांस मुळातच गडद असतं, कच्चं आणि शिजलेलं यांतला फरक पटकन कळत नाही.

मायक्रोवेव्हमध्ये तुकडा एका बाजूला उकळतो आणि दुसऱ्या बाजूला थंड राहतो. त्यावर भरवसा नको.

फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवलं की अळ्या मरतात ना?

पाळीव डुकराच्या मांसातल्या नेहमीच्या ट्रिकिनेलासाठी हा उपाय आहे: १५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचे तुकडे उणे १५ अंशांवर सलग २० दिवस. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे गुरुवारी लाईट जाते, आणि फ्रीझरचं दार आईस्क्रीमसाठी दिवसातून दहादा उघडतं. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याने हे गणित जमेल असं मी तरी धरून चालणार नाही.

थंड मुलुखातल्या रानटी प्राण्यांत तर ट्रिकिनेलाची वेगळी जात असते, जिला बर्फाने काही होत नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांनी हा किस्सा जरूर वाचावा. २०२२ च्या मे महिन्यात एकाने कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात काळं अस्वल मारलं. परजीवी मरावेत म्हणून ते मांस ४५ दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं. जुलैमध्ये साऊथ डकोटात घरचे नऊ जण जमले, मांसाचे तुकडे भाज्यांबरोबर ग्रिलवर भाजून कबाब केले. मांस गडद रंगाचं असल्यामुळे ते कच्चं राहिलंय हे काहींनी खायला सुरुवात केल्यावर लक्षात आलं. मग परत भाजून वाढलं. पुढे त्यांच्यातलाच मिनेसोटातला २९ वर्षांचा एक तरुण ताप, भयंकर अंगदुखी आणि सुजलेले डोळे घेऊन पुन्हा पुन्हा रुग्णालयात गेला आणि चक्र उलगडलं. एकूण सहा जण आजारी. त्यांतल्या दोघांनी अस्वलाचा घाससुद्धा खाल्ला नव्हता. त्यांनी फक्त त्याच ग्रिलवरच्या भाज्या खाल्ल्या होत्या. उरलेलं मांस ११० दिवसांनी तपासलं, तेव्हाही अळ्या वळवळत होत्या.

"मी फक्त कांदा-सिमला मिरचीच खाल्ली" असं सांगणाऱ्या शाकाहारी मित्रमंडळींनी तो भाज्यांचा भाग पुन्हा एकदा वाचावा.

लिंबू, व्हिनेगर, दही, कच्ची पपई, मीठ, धूर? आणि वरून रम?

नाही, नाही, नाही, नाही, भरवशाचं नाही, भरवशाचं नाही. आणि रमने अळी मरत नाही, फक्त शेफचं लक्ष उडतं.

गोव्याहून आणलेली चोरिसची (डुकराच्या सॉसेजची) माळ व्हिनेगर, मीठ आणि मसाल्यात मुरलेली असली तरी ती कच्चीच असते. कांदा घालून नीट शिजवूनच खायची. नागालँडच्या हॉर्नबिल फेस्टिव्हलहून आणलेल्या धुरातल्या मांसालाही तोच नियम.

लक्षणं कधी दिसतात आणि कशी?

दोन अंकी नाटक आहे. पहिला अंक खाल्ल्यापासून एकदोन दिवसांत: मळमळ, पोटात कळा, जुलाब, थकवा. बहुतेकांना इथे "काहीतरी बाधलं" वाटतं आणि ओआरएस, दहीभातावर भागतं. काहींच्या बाबतीत हा अंक होतच नाही.

मग मध्यंतर. माणूस कामावर जातो, पार्टी विसरतो.

दुसरा अंक दोन आठवड्यांनंतर कधीही, अगदी आठ आठवड्यांपर्यंत. ताप येतो. सकाळी उठल्यावर दोन्ही डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या दिसतात. अंग असं दुखतं की जिना उतरताना पोटऱ्या ओरडतात, भाकरी चावताना जबडा दुखतो. अंगावर पुरळ, खाज, कधी नखांखाली बारीक लालसर रेघा. अळ्या किती गेल्या त्यावर तीव्रता ठरते. थोड्या गेल्या तर काहीच जाणवत नाही, खूप गेल्या तर हृदयाच्या स्नायूला सूज, श्वासाचा त्रास, मेंदूपर्यंत परिणाम होऊ शकतो. छातीत धडधड, दम लागणं किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर हे पान वाचत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

आता कॅलेंडर बघा. आखाडातली पार्टी, त्यानंतर दोन ते आठ आठवडे, म्हणजे श्रावण-भाद्रपद. पुण्यात तेव्हा डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा हंगाम जोरात असतो. ताप आणि अंगदुखी घेऊन आलेल्या माणसाला कुठलाही डॉक्टर आधी डेंग्यूचीच टेस्ट लिहून देणार, आणि ते बरोबरच आहे. पण डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स सहसा खाली जातात, टायफॉइडमध्ये इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) जवळपास गायब होतात. इथे उलट, इओसिनोफिल वर चढलेले असतात. साध्या सीबीसीच्या कागदावर ती ओळ असते, फक्त तिकडे कुणीतरी बघायला हवं.

शौचाची तपासणी केली, नॉर्मल आली. सुटलो का?

ट्रिकिनेलासाठी ती तपासणी कामाची नाही. अळ्या आतड्यातून स्नायूत जातात, शौचात क्वचितच सापडतात. उपयोगी पडतं ते सीबीसीतलं इओसिनोफिलचं प्रमाण, स्नायू दुखावल्याचं दाखवणारा सीपीके, आणि रक्तातल्या अँटिबॉडीज. ही शेवटची तपासणी घाईने करू नका, संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती पॉझिटिव्ह व्हायला लागते. पार्टीनंतर चौथ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन "सगळं क्लीअर" असा रिपोर्ट मिळवलात तर त्याचा अर्थ फक्त पैसे गेले असा होतो. स्नायूचा तुकडा काढून तपासणं हा मार्ग आहे, पण त्याची गरज क्वचित पडते.

जंताची एक गोळी घेऊन टाकली. बास ना?

मेडिकलमधून मिळणारी ती गोळी म्हणजे अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. औषध तेच, पण ट्रिकिनोसिससाठी ती दिवसातून दोनदा, आठ ते चौदा दिवस द्यावी लागते, आणि आजार जोरात असेल तर सोबत स्टिरॉइड. अळ्या स्नायूत जाऊन बसायच्या आधी उपचार सुरू झाले तर फायदा जास्त. नंतर औषधाची धार कमी होते.

मनाने कोर्स करू नका, आणि याला कारण आहे. पट्टकृमी या पट्टीसारख्या लांब जंताच्या पिल्लांच्या पुटकुळ्या कुणाच्या मेंदूत आधीपासून निमूट बसलेल्या असू शकतात. अशा माणसाने अल्बेंडाझोल घेतलं की त्या मरताना मेंदूत सूज येते आणि आयुष्यात पहिल्यांदा झटका येऊ शकतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतही हे औषध टाळतात. एकाच्या नावे चिठ्ठी घेऊन पार्टीतल्या अकरा जणांनी गोळ्या वाटून घेतल्याचं मी पाहिलंय.

शिकार बेकायदेशीर आहे. मग डॉक्टरांना खरं कसं सांगायचं?

या पानावरचा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

आधी कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर, भेकर, सांबर, ससा, साळिंदर, मोर, घोरपड, कुणालाही सूट नाही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीतल्या, प्राण्यांसाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. "अहो, पिकाचं नुकसान करत होतं, परवानगी काढून मारलंय" असंही ऐकायला मिळतं. तशी परवानगी मिळू शकते, पण त्या परवानगीने मारलेलं जनावर कायद्याने सरकारच्या मालकीचं असतं. त्याचे वाटे घालता येत नाहीत. म्हणजे तुमच्या ताटात आलेलं रानडुक्कर कुठल्याही वाटेने आलेलं असो, सरळ वाटेने आलेलं नाही. कुणी विकत असेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

पण मटण एकदा पोटात गेलं की दवाखान्यात कायद्याची वही बंद. मला कोणी पाडलं, कुठल्या डोंगरात, कितीला वाटा मिळाला, यातलं काही नको असतं. मला चार गोष्टी हव्या असतात: कोणता प्राणी, किती शिजलेला, कोणत्या तारखेला, आणि सोबत आणखी कोण होतं. एवढं सांगायला लोक लाजतात. बायकोसमोर, आईसमोर, सोवळ्याच्या सासरी, ऑफिसच्या इन्शुरन्सच्या फॉर्मवर. मग मी "बाहेरचं काही खाल्लंत का?" विचारतो आणि उत्तर येतं, "नाही हो, परवा फक्त मिसळ." त्या मिसळीमागे आम्ही आठवडाभर धावतो. डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइड, संधिवाताच्या महागड्या चाचण्या, सगळं होतं. झेंकर यांच्या त्या मोलकरणीच्या वेळी निदान माहिती नव्हती म्हणून चुकलं. आपल्याकडे माहिती समोरच्या खुर्चीत बसलेली असते आणि तोंड उघडत नाही.

सोबत कुणी आलं असेल आणि बोलता येत नसेल, तर "मला एकट्याला बोलायचंय" एवढंच म्हणा. किंवा चिठ्ठीवर लिहा. एकाने केसपेपरच्या मागे नुसतं डुकराचं चित्र काढून दिलं होतं. चित्र वाईट होतं, पण निदान झालं.

आम्ही पक्के शाकाहारी. आम्हाला याच्याशी काय देणंघेणं?

'कोबीतला किडा डोक्यात जातो' ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती अर्धी खरी आहे. किडा कोबीत जन्मत नाही. डुकराच्या पट्टकृमीची दोन रूपं असतात आणि ती गल्लत दूर केली की सगळं स्पष्ट होतं.

डुकराच्या मांसात, साबुदाण्याच्या दाण्यासारख्या पांढुरक्या पुटकुळ्यांत या कृमीची पिल्लं असतात. तसं मांस कच्चं खाल्लं तर माणसाच्या आतड्यात लांबलचक पट्टकृमी वाढतो. त्याने पोट दुखेल, शौचात चपट्या पांढऱ्या पट्ट्या दिसतील, पण तो आतड्यातच राहतो. आता या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती अंडी न धुतलेल्या हातांनी किंवा सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीतून दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली, की पिल्लं रक्तातून मेंदूत जाऊन बसतात. तोच न्यूरोसिस्टिसर्कोसिस, आपल्या देशात फिट येण्याचं एक मोठं कारण.

म्हणजे डुक्कर खाणारा एक आणि फिट येते दुसऱ्यालाच, असं होऊ शकतं. म्हणून कोबीची वरची पानं काढून टाका, कोशिंबिरीची भाजी वाहत्या पाण्यात नीट धुवा, आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या शौचात पट्ट्या दिसत असतील तर त्याला हसू नका, उपचार करा.

घरात गरोदर सून आहे. पार्टीचा डबा आला तर?

तिला तो नको. इथे काळजी टॉक्सोप्लाझ्माची. हरणाच्या, डुकराच्या, मेंढीच्या मांसात त्याच्या सूक्ष्म गाठी असतात. एरवीच्या धडधाकट माणसाला हलका ताप येऊन जातो किंवा तेही नाही. पण बाईला गरोदरपणातच पहिल्यांदा संसर्ग झाला तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. नीट शिजलेल्या रश्श्यातून तो होत नाही, पण डब्यातलं मटण कुणी किती शिजवलं हे तुम्हाला ठाऊक नसतं. कच्चं मांस धुणं, कापणं, खिम्याचं मीठ चाखून बघणं ही कामंही तिच्याकडे नकोत. किडनी बदललेले, केमोथेरपी चालू असलेले, एचआयव्हीचे पेशंट यांनाही हेच लागू.

घोरपडीचं मांस किंवा रक्त कंबरदुखीवर चालतं म्हणतात...

सिंहगडाच्या कड्यावर चढलेल्या घोरपडीच्या दंतकथेने या बिचाऱ्या प्राण्याचं फार नुकसान केलंय. कड्याला चिकटते म्हणजे तिच्यात ताकद, ती खाल्ली की आपल्या कमरेत ताकद! असं काही नसतं. ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कैद तीन वर्षांपासून सुरू.

आणि आजाराचं म्हणाल तर उंदराच्या फुप्फुसात राहणारी एक अळी गोगलगायींमधून अशा प्राण्यांत पोचते. घोरपडीचं कच्चं मांस खाल्ल्यावर मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या रुग्णांचे अहवाल केरळमधून आणि थायलंडमधून आलेले आहेत. असह्य डोकेदुखी, मान आखडणं, अंगाला मुंग्या. कंबर बरी होत नाही ती नाहीच.

पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे पकडतो. ते तर रानडुक्कर नाही!

नाही, आणि ते मलाही आवडतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसाच्या चपट्या कृमीची पिल्लं असू शकतात. मणिपूर, अरुणाचल या भागांत असे रुग्ण नोंदले गेलेत. त्यांना महिनोन्महिने खोकला आणि थुंकीतून रक्त येतं, क्षयरोग समजून औषधं चालू होतात आणि गुण येत नाही.

मावळात चुलीच्या राखेत खेकडा जेमतेम लाल होईपर्यंत भाजून पोरं फोडून खातात, तिथे सावध राहा. रश्श्यासाठी लहान पाय मिक्सरला फिरवून रस गाळून घेतो, तो रस उकळल्यावर निर्धोक असतो. पण त्याच भांड्यात लगेच कोथिंबिरीची चटणी वाटू नका. आधी भांडं, गाळणी आणि पाटा साबणाने आणि गरम पाण्याने घासा. कापायची सुरी आणि लाकडी पाट यांनाही तोच नियम.

उरलेलं काळीज, फुप्फुसं कुत्र्याला घातली तर चालेल?

शिजवून घाला. कच्ची नकोत. काळजात-फुप्फुसात पाण्याच्या फुग्यासारख्या गाठी असल्या, तर त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अंगणात, केसांत, आणि मग लाड करणाऱ्या नातवाच्या हातांवर येतात. काही वर्षांनी त्या नातवाच्या यकृतात नारळाएवढी गाठ सोनोग्राफीत दिसते. हायडॅटिड सिस्ट म्हणतात तिला. शहरात मटणवाल्याच्या दुकानाबाहेर भटक्या कुत्र्यांना टाकल्या जाणाऱ्या कचऱ्यालाही हे तितकंच लागू आहे.

हा आजार खाणाऱ्याकडून घरच्यांना लागतो का?

ट्रिकिनोसिस लागत नाही. सोबत जेवल्याने, शिंकल्याने, एका अंथरुणात झोपल्याने नाही. मात्र त्याच पातेल्यातलं ज्यांनी ज्यांनी खाल्लं, त्या सगळ्यांना कळवा. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'आखाड कट्टा' असेल तर तिथेच टाका, एरवी तिथे याहून निरुपयोगी गोष्टी येतात.

गेल्या शनिवारी खाल्लं. आज काहीच होत नाहीये. किती दिवस वाट बघायची?

आठ आठवडे. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये पार्टीची तारीख आणि आठ आठवड्यांनंतरची तारीख टाकून ठेवा, शेजारी प्राण्याचं नाव लिहा. काही त्रास नसेल तर उगाच टेस्ट करत हिंडू नका. मधल्या काळात ताप आला, पापण्या सुजल्या, पोटऱ्या-जबडा दुखायला लागला तर ती नोंद उघडून मोबाईल सरळ डॉक्टरांसमोर धरा, म्हणजे तोंडाने काही सांगायलाही लागणार नाही.